कापडावरील जकात व गिरणीकामगारांचें वेतन : एका रूढ विधानाची चिकित्सा

मुंबईच्या कापडगिरण्यांविषयीं जें लिहिलें जातें त्यांत इ. स. १९२५ च्या संपासंबंधानें एक विधान वारंवार आढळतें. तें असें कीं, देशी गिरण्यांच्या कापडावर सरकारनें शेंकडा साडेतीन जकात बसविली होती. त्या ओझ्यामुळें गिरणीमालकांस मजुरांचा पगार कापणें भाग पडलें. पुढें जकात उठली, तिच्याबरोबर कपातही उठली, आणि मजूर कामावर रुजू झाले. यांतील प्रत्येक घटना घडलेली आहे, आणि तिजविषयीं कोणाचा वाद नाहीं. वाद आहे तो 'मुळें' ह्या एका शब्दयोगी अव्ययाचा. हें अव्यय कोणत्या कागदांतून आलें, तो कागद कोणीं लिहिला, आणि लिहिणाऱ्याचा त्यांत हितसंबंध काय होता, हें विचारल्याशिवाय विधान पुढें चालविणें म्हणजे बखरकाराचें वाक्य पारखल्यावांचून इतिहासांत घेणें होय. प्रस्तुत लेखांत ह्या अव्ययाची परीक्षा करण्याचें योजिलें आहे.

सनदा, महजर व बखरी यांच्या शोधांत असलेल्या आमच्या वाचकांस हा विषय ह्या पानांवर परका वाटण्याचा संभव आहे. परंतु १९२५ सालच्या कागदास आतां शंभर वर्षें झालीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड १८९८ सालीं काढला, तेव्हां पेशवाई बुडून ऐंशीच वर्षें लोटलीं होतीं. त्या मानानें गिरणगांवचीं दफ्तरें आज अधिक जुनीं झालीं आहेत, आणि अधिक धोक्यांतही आहेत. शिवाय कर आणि कारागिराची मिळकत यांचा संबंध हा आम्हां लोकांस नवा प्रश्न नव्हे. मोहतर्फ्याच्या नोंदी ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, पट्टी वहींत साळ्याच्या नांवें पडलेली दिसली, तरी ती अखेर साळ्यानें सोसली, सूत पुरविणाऱ्या सावकारानें सोसली, कीं लुगडें घेणारणीनें सोसली, हें त्या वहीवरून कळत नाहीं. कर कोणाकडून घेतला हें कागद सांगतो; कोणाच्या ताटांतून गेला हें सांगत नाहीं.

प्रथम जकातीची हकीकत. मार्च १८९४ मध्यें हिंदुस्थान सरकारनें परदेशी मालावर शेंकडा पांच आयातजकात पुन्हां सुरू केली, परंतु कापसाचें सूत व कापड तींतून वगळलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सूत व कापडही तिच्याखालीं आणलें. पण लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनीं ओरड करूं नये म्हणून वीस नंबराहून बारीक अशा देशी गिरणीच्या सुतावरही तितकीच जकात बसविली. एवढ्यानें मँचेस्टरचें समाधान झालें नाहीं. १८९६ सालीं नवी व्यवस्था झाली : आयात कापडावर साडेतीन टक्के, देशी गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के, आणि सूत, देशी असो वा विलायती, दोन्हीकडून मोकळें. हातमागाचें कापड ह्या जकातींतून सुटलें होतें. तिजोरीच्या नडीपेक्षां मँचेस्टरची मर्जी राखण्यासाठीं हा कर बसविला गेला असें त्या काळच्या देशी पुढाऱ्यांनीं एकमुखानें सांगितलें, आणि तें यथार्थच होतें. पुढें आयातजकात १९१७ सालीं साडेसात व १९२१ सालीं अकरा टक्क्यांवर गेली. देशी कापडावरील साडेतीन टक्के मात्र होते तेथेंच राहिले. ह्या हकीकतींतल्या दोन गोष्टी वाचकांनीं जवळ ठेवाव्या, कारण पुढें त्यांचें काम पडणार आहे. ही जकात कापडावर होती, सुतावर नव्हती. आणि १८९६ पासून १९२५ पर्यंत एकोणतीस वर्षें तिचा दर बदलला नाहीं.

आतां कपात. पहिल्या महायुद्धाच्या काळांत जिन्नस महाग झाले तेव्हां मुंबईच्या गिरण्यांनीं मूळ दरास हात न लावतां त्यावर महागाईचा भत्ता देण्याची रीत पाडली. तो वाढत वाढत रोजंदारीच्या मजुरांस मूळ दराच्या शेंकडा ७० व उक्त्या कामाच्या मजुरांस शेंकडा ८० असा झाला. सप्टेंबर १९२५ पासून गिरणीमालकांच्या संघानें ह्या भत्त्यांतून मूळ दराच्या शेंकडा वीस कमी करण्याचें जाहीर केलें. त्रैराशिक मांडलें तर १७० त २० म्हणजे शेंकडा पावणेबारा, आणि १८० त २० म्हणजे शेंकडा अकराहून किंचित अधिक होतात. दोहोंच्या मधला साडेअकरा हा आंकडा लोकांच्या तोंडीं बसला. सप्टेंबरच्या मध्यास संप सुरू झाला. सुमारे दीड लक्ष मजूर बाहेर पडले आणि अकरा आठवड्यांच्या आसपास गिरण्यांचे भोंगे बंद राहिले. सरकारनें जकात काढली तर आम्ही कपात काढूं, असें मालकांनीं सांगितलें होतें. १ डिसेंबरपासून व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या वटहुकुमानें जकात तहकूब झाली, जुने दर परत लागले, आणि १९२६ सालीं जकात कायद्यानें कायमची गेली. पूर्वपक्ष एवढाच आहे, आणि तो दिसण्यांत बळकट आहे.

त्यावर पहिली शंका अशी. जकात विणलेल्या कापडावर होती. मग ज्या मजुराच्या हातचें सूत कापड न होतां सूत म्हणूनच बाजारांत जाई, त्याच्या मालावर सरकार एक पैही घेत नव्हतें. परंतु कपात विणाई खात्यापुरती नव्हती. साचेवाल्याच्या पगारांतून जसे शंभराचे वीस गेले तसे थ्रॉसलवरच्या पोराच्या आणि रिळावरच्या बाईच्याही पगारांतून जावयाचे होते, मग त्यांचें सूत आपल्याच गिरणींतल्या साच्यावर चढो किंवा गांठोडीं बांधून बाहेर विकलें जावो. कारण जर जकात असती, तर कार्य जकातीच्या हद्दीपर्यंतच पोंचलें असतें. कार्य कारणाच्या बाहेर पसरलेलें दिसलें म्हणजे नैयायिक दुसरें कारण शोधूं लागतो. येथें मात्र शंभर वर्षें कोणी तें शोधलें नाहीं असें म्हणतां येत नाहीं. शोधणाऱ्यांचें लिखाण संपाच्या लोकप्रिय हकीकतींत उतरलें नाहीं, एवढेंच.

दुसरी शंका त्याहून साधी आहे. एकोणतीस वर्षें जी वस्तु बदलली नाहीं तिनें १९२५ सालींच पगार कां कापविला? त्याच साडेतीन टक्क्यांच्या खालीं युद्धकाळीं गिरण्यांनीं नफा मिळविला. युद्ध संपल्यावर दोन-तीन वर्षें तर भागधारकांस इतका लाभांश वांटला कीं पुढें टॅरिफ बोर्डास त्याविषयीं बोलावें लागलें. आणि त्याच साडेतीन टक्क्यांच्या खालीं भत्ता शून्यापासून सत्तर-ऐंशीपर्यंत चढला. जकात स्थिर असतां मजुरी चढलीही आणि उतरलीही. अहमदाबादचें उदाहरण याहून बोलकें आहे. तेथील गिरण्यांसही हीच जकात होती. परंतु तेथें मोठी कपात १९२३ सालीं झाली, ती सुमारे साडेपंधरा टक्क्यांची होती, आणि तीसाठींही संप झाला. एकाच कायद्याखालच्या दोन शहरांत दोन वेगळ्या वर्षीं दोन वेगळ्या प्रमाणांत पगार कापला जातो, तेव्हां कारण कायद्यांत नसून त्या त्या शहराच्या धंद्यांत शोधावें लागतें. मुंबईचा धंदा त्या वेळीं खरोखरच अडचणींत होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. चीनची सुताची पेठ हातची गेली होती, जपानी कापड येत होतें, गुदामांत माल सांठला होता, आणि रुपयाचा हुंडणावळीचा दर अठरा पेन्सांकडे चढल्यानें परदेशी माल स्वस्त पडे. हीं सर्व कारणें मालकांच्या अर्जांत आहेतच. पण त्यांपैकीं जपानला उठवून लावणें सरकारच्या हातीं लगेच नव्हतें, चीनची पेठ परत आणणें कोणाच्याच हातीं नव्हतें. एका सहीनें उठण्यासारखी गोष्ट जकात ही एकच होती. म्हणून मागणी जकातीवर येऊन थांबली. मागणीचें रूप पाहून आजाराचें निदान करणें हा ह्या विधानांतला मुख्य दोष आहे.

तिसरी परीक्षा पुढील काळाची. जकात गेल्यावर काय झालें? पगार पूर्वीच्या ठिकाणीं आला, वर चढला नाहीं. १९२६-२७ सालीं नॉईस यांच्या अध्यक्षतेखालील टॅरिफ बोर्डानें धंद्याची चौकशी केली आणि मजुरी कमी करण्यास पर्याय म्हणून मजुरांची कार्यक्षमता वाढविण्याकडे बोट दाखविलें. गिरण्यांनीं त्याचा जो अर्थ घेतला तो एका माणसाकडे दोनांऐवजीं तीन साचे, आणि दरांची नवी 'प्रमाणबद्ध' यादी, असा होता. त्यांतून एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिन्यांचा संप झाला, गिरणी कामगार युनियन जन्मास आली, आणि सर चार्ल्स फॉसेट यांची समिती बसली. ज्या जकातीमुळें पगार कापावा लागतो असें १९२५ सालीं सांगितलें, ती तेव्हां जागेवर नव्हती. याहून ठळक प्रमाण १९३३ सालचें आहे. त्या वर्षीं जूनमध्यें बिगर-ब्रिटिश, म्हणजे मुख्यतः जपानी, कापडावरील आयातजकात शेंकडा ७५ पर्यंत चढविली गेली. देशी गिरण्यांच्या मागें कर उरला नव्हता आणि प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावर पाऊण किंमतीचा कर होता. त्याच सालाच्या अखेरीस व पुढील सालाच्या आरंभीं मुंबईच्या गिरण्यांनीं एकेक करून पगार उतरविले, आणि एप्रिल १९३४ मध्यें पुन्हां सार्वत्रिक संप झाला. तेव्हां धान्यही स्वस्त झालें होतें, मंदी जगभर होती, हें सांगितलेंच पाहिजे. परंतु करावरून पगाराचें भाकीत करणाराचें भाकीत ह्या वर्षीं अगदीं उलटें ठरलें असतें.

पूर्वपक्षास त्याच्या न्यायाचा वांटा देणें अवश्य आहे. समजा, कापडाच्या किंमतींत मजुरीचा वांटा चौथाई धरला. तर मजुरीच्या साडेअकरा टक्के कपातीनें कापडाच्या किंमतींत शेंकडा पावणेतीनाहून थोडा अधिक फरक पडतो. आणि जकात होती साडेतीन. दोन्ही आंकडे शेजारीं बसण्यासारखे आहेत. विणाईच्या गिरणीपुरतें पाहिलें तर एक उठल्यावर दुसरी उठविणें मालकास परवडणारें होतें, आणि 'जकात काढा, कपात काढूं' हें वचन निव्वळ थाप नव्हती. तें पाळलेंही गेलें. कर आणि मजुरी यांचा संबंधच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. संबंध आहे, तो नळाच्या पाण्यासारखा आपोआप वाहत नाहीं. मध्यें कोणाचा तरी हात चावीवर असतो. १९२५ सालीं ती चावी फिरली ती संपामुळें. ज्या जकातीविरुद्ध मालकांच्या संघानें, कौन्सिलांतल्या सभासदांनीं आणि वर्तमानपत्रांनीं एकोणतीस वर्षें अर्ज, ठराव व लेख केले, ती दीड लक्ष मजुरांनीं अकरा आठवडे पगार बुडविल्यावर गेली. हिशेब करून पाहावा. वर्षाचे बावन्न आठवडे, त्यांचे साडेअकरा टक्के म्हणजे सहा आठवडे. एका वर्षांत सहा आठवड्यांचा पगार जाऊं नये म्हणून मजुरानें अकरा आठवड्यांचा पगार सोडला. तो भरून निघावयास पावणेदोन वर्षांहून अधिक काळ लागला असेल, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं १९२८ चा संप उभा राहिला. जकात उठल्याचा लाभ मात्र मालकांस पहिल्या दिवसापासून आणि कायमचा झाला. ह्या संपाची हकीकत 'मालकांची अडचण, सरकारचा अन्याय, मजुरांचा विजय' अशी सांगतात, तींत खर्च कोणीं केला ही बाब गळून जाते.

एक शब्दविचार येथें करणें प्राप्त आहे. १९२५ सालीं जें कापलें तें 'वेतन' नव्हतें, 'भत्ता' होता. त्याच्या आदल्या वर्षीं, जानेवारी ते मार्च १९२४, जो संप झाला तो 'बोनस'साठीं होता. युद्धाच्या अखेरीपासून कांहीं वर्षें गिरण्यांनीं सालाच्या शेवटीं ही रक्कम दिली, १९२३ सालची नाकारली, आणि मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीनें मजुरांस तिजवर हक्क सांगतां येत नाहीं असा निकाल दिला. मजुराच्या हातीं पडणारा रुपया एकच. पण त्याचा एक तुकडा दर, दुसरा भत्ता, तिसरा बक्षिसी, अशीं नांवें ठेवलीं म्हणजे मागले दोन केव्हांही परत घेतां येतात. धर्मशास्त्रांत अठरा व्यवहारपदें सांगितलीं आहेत, त्यांत वेतनाचें पद निराळें आणि दिलेलें दान परत घेण्याचें पद निराळें आहे. तथापि नारदानें जें दिल्यावर परत घेतां येत नाहीं अशा देण्यांची गणना केली, तींत भृति म्हणजे मजुरी आणि संतोषानें दिलेलें, हीं दोन्ही एकाच रांगेंत बसविलीं आहेत. पुढील सालचें देणें थांबविणें म्हणजे दिलेलें परत घेणें नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. परंतु चार-पांच वर्षें चालत आलेल्या रकमेवर घरभाडें व उधारी बसविणाऱ्या माणसास हा भेद कितपत कळावा? कौटिल्याचें आणखी एक स्मरण होतें. कारागिरांनीं एक होऊन अडवणूक केली तर त्यांस हजार पण दंड, आणि व्यापाऱ्यांनीं एक होऊन माल अडविला तर त्यांसही हजारच पण. मुंबईंत १९२५ सालीं मालकांच्या संघानें एका ठरावानें शहरांतल्या गिरण्यांचा पगार एका दिवशीं उतरविला, त्याला मात्र कोणी 'एक होणें' म्हटलें नाहीं.

मालकांपुढें दुसरे मार्ग होते कीं नव्हते? मुंबईच्या गिरण्या मॅनेजिंग एजंटांच्या हातीं असत. प्रारंभीच्या काळांत पुष्कळ एजंटांचें कमिशन तयार मालावर, दर पौंडी पाव आणा असें असे; गिरणीस तोटा आला तरी तें चुकत नसे, आणि माल जितका अधिक तितकें तें अधिक. जमशेटजी टाटा यांनीं १८८६ सालीं काढलेल्या स्वदेशी गिरणीपासून तें नफ्यावर घेण्याचा पायंडा घातला, आणि तो हळूहळू इतरांनींही उचलला. तरीही भरभराटीच्या वर्षांत लाभांश वांटून टाकावयाचा, भांडवल फुगवावयाचें, आणि मंदी आली म्हणजे प्रथम पगारपत्रकाकडे पाहावयाचें, ही चाल राहिली. टॅरिफ बोर्डानें गतवर्षांतील लाभांशाविषयीं जें लिहिलें तें मालकांच्या बाजूनें अनुकूल असलेल्या मंडळानें लिहिलें आहे, म्हणून आम्ही त्यास अधिक वजन देतों. आपल्या हिताविरुद्ध दिलेली साक्ष बलवत्तर, हा नियम बखरींस लावतों तोच येथेंही लावावा.

कायद्याविषयीं थोडें. कायद्यानें मजुरी वाढते कीं घटते, ह्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत मागणारे दोन्ही पक्षांचे लोक आम्हांस भेटतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं साडेपांच हजार मजुरांच्या सह्यांनिशीं जो अर्ज केला त्यांत पगाराचा दर वाढवा ही मागणी नव्हती. रविवारीं सुट्टी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त काम, अपघात झाल्यास कांहीं भरपाई, आणि महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत, अशा त्या मागण्या होत्या. रविवार १८९१ च्या कायद्यानें आला. पगाराची तारीख यावयास १९३६ चा पगार देण्याचा कायदा व्हावा लागला, आणि तो मार्च १९३७ मध्यें अमलांत आला. त्यानें लहान कारखान्यांस सात व हजाराहून अधिक मजुरांच्या कारखान्यांस दहा दिवसांची मुदत दिली, आणि दंडास रुपयामागें अर्ध्या आण्याची मर्यादा घातली. मधल्या त्रेपन्न वर्षांत उशिरा मिळणाऱ्या पगाराची किंमत कोणीं मोजली? लेबर ऑफिसनें १९२१-२२ सालीं मजुरांच्या कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले, तेव्हां शेंकडा ४७ कुटुंबें कर्जांत आढळलीं, आणि व्याजाचा रोजचा प्रघात रुपयास महिना एक आणा, म्हणजे सालीना शेंकडा ७५, असा होता. ज्याचा पगार पंधरवडाभर मालकाकडे अडकतो तो त्या पंधरवड्याचें धान्य ह्या दरानें खातो. दर कायम ठेवून मजुरी कमी करण्याचा हा मार्ग कोणत्याही टक्केवारींत दिसत नाहीं.

'खाडा' हा शब्द मराठी कोशकारांनीं गैरहजिरीच्या अर्थानें दिला आहे. गिरणींत 'डबल खाडा' होता : एक दिवस चुकला तर दोन दिवसांचा पगार कापावयाचा. विणकराच्या हातून कापडास डाग पडला वा धागा तुटला तर तें कापड त्याच्याच गळ्यांत मारून किंमत पगारांतून वळती करीत. तेव्हां मालकसंघाच्या पत्रकांत दिलेला दर आणि खिडकीवर मोजून मिळालेले पैसे हीं दोन भिन्न साधनें आहेत. पहिलें छापलेलें आहे म्हणून इतिहासकार तें वापरतो.

ह्याच ठिकाणीं एक सावधगिरीही. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत प्रसूतीच्या साहाय्याचा कायदा झाला. बाळंतपणापूर्वीं तीन व नंतर चार आठवडे, दररोज आठ आणे मालकानें द्यावयाचे. पुढील दशकांत गिरण्यांतलें स्त्रियांचें प्रमाण घटत गेलें, आणि कायद्यामुळें बायका कामास मुकल्या असें पुष्कळांनीं लिहिलें. येथेंही तेंच 'मुळें' आहे. सर्व खर्च एकट्या मालकावर टाकल्यानें विवाहित बाई ठेवणें त्यास नकोसें व्हावें हें संभवतें. पण त्याच काळांत रीळ व वाइंडिंग खात्यांचीं यंत्रें बदलत होतीं, रात्रपाळी वाढत होती आणि रात्रीं बायकांस कामाची मनाई होती. जकातीच्या बाबतींत आम्हीं जी कसोटी लावली तीच येथें लावली पाहिजे, मग निकाल आमच्या आवडीचा असो वा नसो.

आणि कित्येक मजुरांच्या बाबतींत ना कर, ना कायदा. साच्याच्या खात्यांत मजुरी अधिक होती. परंतु धोट्यांतील धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे, म्हणून तेथें अस्पृश्य मानलेल्या मजुरांस इतर विणकर येऊं देत नसत. मालक भरतीचें काम जॉबरावर सोंपवून मोकळे होते. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ च्या संपाच्या वेळीं हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर मांडला. एका गिरणींत एकाच भोंग्यावर येणाऱ्या दोन माणसांच्या पगारांतला हा फरक मालकसंघाच्या सरासरींत कसा दिसावा?

ह्या विषयावर इंग्रजींत भरीव काम झालें आहे. मॉरिस यांचा १९६५ चा ग्रंथ आणि राजनारायण चंदावरकर यांचा १९९४ चा ग्रंथ हे दोन आमच्या वाचकांनीं अवश्य पाहावे. मॉरिस यांनीं मजूर मिळत नव्हते, खेड्यांत पळत होते, ही मालकांची जुनी तक्रार पारखून टाकली आणि शिस्तीचा अभाव हा मालकांच्याच धोरणाचा परिणाम ठरविला. चंदावरकर गिरणीच्या फाटकाबाहेर, चाळींत, दुकानांत व आखाड्यांत गेले, म्हणून त्यांचें चित्र अधिक भरलेलें आहे. परंतु दोघांचीही मुख्य भिस्त सरकारी चौकशांवर व मालकसंघाच्या अहवालांवर आहे, आणि तें अपरिहार्यच होतें, कारण दुसरीं साधनें त्यांच्यापुढें फारशीं कोणीं ठेवलींच नाहींत. तें काम आमच्यासारख्या मंडळांचें होतें. चाळीखालच्या किराणा दुकानाच्या उधारीच्या वह्या, त्यांत मोडींत घातलेल्या कलमांसह, खाणावळवाल्या बायांचे हिशेब, घरभाड्याच्या पावत्या, सावकाराच्या चिठ्ठ्या, गिरणीचीं हजेरीचीं तिकिटें, दंडाच्या वह्या, पगारपत्रकें, कोंकणांत व घाटावर घरीं पाठविलेल्या मनिऑर्डरींचे तुकडे : हे कागद रत्नागिरी, सातारा, पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांतल्या घरांत माळ्यावर अद्यापि असण्याचा संभव आहे, कारण मजूर तेथून आले आणि म्हातारपणीं तेथेंच परतले. पेशवेकालीन रुमालाच्या शोधांत जाणाऱ्यांच्या हातीं ते अनेकदां लागतात आणि अलीकडचे म्हणून बाजूस टाकले जातात.

संग्राहकांस आमची विनंती नेमकी आहे. एकाच खात्यांतल्या एकाच माणसाचें ऑगस्ट १९२५ चें आणि जानेवारी १९२६ चें पगाराचें कागद मिळाल्यास जपावे. त्यांवर मूळ दर, भत्ता, खाडे, दंड व खराब कापडाची वळती निरनिराळी दाखविली असल्यास तर ते अमोल समजावे. कताईचा मजूर असल्यास अधिक चांगलें, कारण त्याच्या मालावर जकात नव्हती. त्याच घरची त्या दोन महिन्यांची दुकानाची वहीही मिळाल्यास दोन्ही एकत्र बांधून ठेवावीं, वेगळीं करूं नयेत. कागद फाटका असला तरी चालेल. तारीख, खातें आणि माणसाचा तिकिट नंबर वाचतां आला म्हणजे पुरे.